माळ्यावर गेलेली आगगाडी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की वर्तमानपत्रांतून मुलांच्या छंदांविषयी लिहून येतं. त्यात विजेवर चालणाऱ्या आगगाडीचा संच हमखास खेळण्यांच्या यादीत असतो. संच घरी येतो, दोन रविवार धावतो आणि महिन्याभरात खोक्यात बसून माळ्यावर जातो. मग घरात ठरतं की पोराला चिकाटी नाही. पोराचा दोष क्वचितच असतो. दोष वळणाचा, धुळीचा, सैल जोडांचा आणि मुख्य म्हणजे खरेदीच्या क्रमाचा असतो. आधी झोकदार इंजिन, मग लांबलचक डबे, मग रूळ आणि शेवटी 'आता हे ठेवायचं कुठं?' उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसलाच प्रकार. क्रम उलटा हवा: आधी जागा मोजायची, मग स्टेशनवर जाऊन खरी गाडी नीट पाहायची, मग रूळ आणि सर्वांत शेवटी इंजिन. यातल्या बऱ्याच गोष्टी खोक्यावर छापलेल्या नसतात, म्हणून हे पत्र.

मापापासून सुरुवात करू. आपल्याकडे मिळणारे बहुतेक संच एचओ मापाचे, म्हणजे मूळ गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतके असतात. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. एन माप १:१६०, रूळ ९ मिलिमीटर. ब्रिटिश ओओ माप १:७६ असलं तरी तेही १६.५ मिलिमीटरच्याच रुळांवर चालतं, आणि घोळ इथेच होतो. रूळ जुळले म्हणजे गाड्याही जुळल्या असं समजून ओओ डबे एचओ इंजिनाला जोडले जातात आणि डबे इंजिनापेक्षा सुमारे चौदा टक्के थोराड दिसू लागतात. रस्त्यावरच्या मोटारींचंही तसंच. खेळण्यांच्या दुकानातल्या छोट्या धातूच्या मोटारी बहुधा १:६४ च्या आसपास असतात. फाटकापाशी अशी मोटार ठेवली की शेजारचं इंजिन एकदम खेळण्यातलं वाटतं.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. १६.५ मिलिमीटर हे १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय-अमेरिकी रुळांचं रूप आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. एचओ मापात ती १९.३ मिलिमीटर भरते. म्हणजे भारतीय इंजिन तयार रुळांवर ठेवलं की ते पावणेतीन मिलिमीटर अरुंद रुळावर उभं असतं आणि समोरून पाहिलं तर जरा तोल गेल्यासारखं दिसतं. हाताने रूळ ठोकणारे हौशी असतात, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. ही तडजोड बहुतेक सगळेच करतात.

आता वळण. माळ्यावर गेलेल्या निम्म्या गाड्या याच्यामुळे गेल्या असाव्यात. संचातल्या वळणाची त्रिज्या साधारण १८ इंच असते, काही युरोपीय संचांत ३६ सेंटिमीटर. लांब पल्ल्याच्या गाड्यांचा आजचा एलएचबी डबा कपलरसकट (डबे जोडणाऱ्या कडीसकट) सुमारे २४ मीटर, म्हणजे एचओत साडेसत्तावीस सेंटिमीटर. १८ इंचांच्या वळणावर या डब्याचा मधला भाग रुळाच्या मध्यरेषेपासून ८ मिलिमीटर आत येतो आणि टोकं जवळजवळ १२ मिलिमीटर बाहेर जातात. डब्याची रुंदीच मुळी ३७ मिलिमीटर. शेजारच्या रुळावरची गाडी घासते, सिग्नलचा खांब पडतो, आणि टोकाला बसवलेला कपलर पुढच्या डब्याला रुळावरून बाजूला ओढून काढतो. लोक चाकं तपासत बसतात, चाकांचा काही दोष नसतो. ढोबळ नियम असा की वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान तिप्पट असावी. एलएचबीसाठी ती ८२ सेंटिमीटर होते. पूर्ण फेरा घ्यायचा तर पावणेदोन मीटर रुंद पाट हवा. आठ बाय चारच्या प्लायवर कडेला दोन-दोन इंच सोडले तर २२ इंचांपलीकडे त्रिज्या बसत नाही. शिवाय चार फूट रुंदीचा पाट भिंतीला टेकवला की पलीकडच्या कोपऱ्यात हात पोचत नाही, कारण हाताची सुखाची पोच अडीच फुटांची. आणि गाडी घसरते ती नेमकी त्याच कोपऱ्यात.

मग वन-बीएचके घरात काय करायचं? गोल फेरा सोडायचा. मालगाडी घ्यायची. कोळशाची बॉक्सएन वाघीण कपलरसकट १०.७ मीटर, म्हणजे एचओत सव्वाबारा सेंटिमीटर. १८ इंचांच्या वळणावर ती निमूट जाते आणि सरळ फळीवर तर प्रश्नच नाही. आठ बाय चारच्या एकाच प्लायच्या लांबीत एक-एक फुटाच्या चार पट्ट्या निघतात. त्यातली एक पट्टी भिंतीला टेकून कपाटाच्या उंचीवर बसवली तर खोलीची जागाही अडत नाही.

या एका पट्टीवर खेळण्यासारखं सर्वांत चांगलं कोडं इंग्लंडातल्या हौशींनी रूढ केलं, त्याला इंगलनुक म्हणतात. दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे), तीन रूळ. सर्वांत लांब रुळावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांवर तीन-तीन, आणि इंजिन मागे घेण्याच्या रुळावर इंजिन अधिक तीन वाघिणी. वाघिणी एकूण आठ: पाच लांब रुळावर, तीन आखूड रुळावर. प्रत्येकीच्या नावाची चिठ्ठी करायची, त्यातल्या पाच डोळे मिटून काढायच्या आणि ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लांब रुळावर जुळवायची. क्रम ६,७२० होतात, त्यामुळे वर्षभर रोज खेळलं तरी तेच कोडं पुन्हा येण्याची फारशी भीती नाही. मापं बॉक्सएनची धरा: पाच वाघिणींना ६२ सेंटिमीटर, तीनांना ३७, डब्ल्यूडीएम-३ए हे डिझेल इंजिन २० सेंटिमीटरचं म्हणून मागच्या रुळाला ५७, आणि दोन सांध्यांना मिळून सुमारे ४५. सगळं पावणेदोन मीटरच्या आत, म्हणजे सहा फुटांत. उरलेल्या दोन फुटांत धक्का, गोदाम आणि चहाची टपरी. रूळ मात्र मापाने कापायचे. लांब रुळावर सहावी वाघीण मावली तर कोडं सोपं होतं आणि गंमत जाते.

लाकूड निवडताना आपली हवा लक्षात घ्या. एमडीएफ दिसायला सपाट, पण कोकणातल्या किंवा मुंबईतल्या एका पावसाळ्यात कडा फुगतात आणि रूळ लाटेसारखे होतात. पाण्याला टिकणारं ९ किंवा १२ मिलिमीटरचं प्लाय घ्या, खाली दोन बाय एक इंचाच्या सागवानी किंवा पाइनच्या पट्ट्यांची चौकट, आडव्या पट्ट्या दीड-दीड फुटावर. बनवल्यावर खालची बाजू आणि कापलेल्या कडासुद्धा वॉर्निशने बंद करा. फक्त वरची बाजू रंगवली तर खालून ओल शिरते आणि फळी वाकते. वर ३ मिलिमीटरचा कॉर्क आणि त्यावर रूळ.

रूळ घ्यायचे ते निकेल सिल्व्हरचे (नावात सिल्व्हर असलं तरी चांदी नव्हे, तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू). लोखंडी रूळ गंजतात, पितळेवर चढणारा थर वीज अडवतो. निकेल सिल्व्हरही काळवंडतं, पण त्याचा थर तितका त्रास देत नाही. लवचिक रुळाचा तुकडा ९१४ मिलिमीटरचा, म्हणजे एक वार असतो. जोडताना दर वारामागे अर्धा मिलिमीटर फट सोडा. व्हिजिटिंग कार्डाचे दोन तुकडे मध्ये घालून रूळ ठोकले की बरोबर तेवढी फट राहते. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात खोलीचं तापमान हिवाळ्यापेक्षा सहज वीस अंश चढतं. वारभर रूळ तेवढ्यात तिसरा हिस्सा मिलिमीटर वाढतो. पाच वार सलग डाख दिलेले असतील तर ती वाढ एकाच जागी गोळा होते आणि तिथे रूळ बाजूला फुगतो. खऱ्या रेल्वेत उन्हाळ्यात रूळ वाकतो तो याच कारणाने.

वीज हे दुसरं दुखणं. संचात दोनच तारा येतात आणि उरलेली वीज रुळांच्या जोडपट्ट्यांमधून पुढे जाईल असं गृहीत धरलेलं असतं. सहा महिन्यांत जोडपट्ट्या सैल होतात, आत थर चढतो आणि दूरच्या टोकाला इंजिन दमल्यासारखं चालतं. मोटार बिघडली म्हणून लोक इंजिन उघडतात, आणि मग खरंच बिघडते. उपाय साधा: फळीच्या खालून १.५ स्क्वेअर एमएमच्या लाल आणि काळ्या तारा टोकापासून टोकापर्यंत ओढायच्या आणि प्रत्येक रुळाच्या तुकड्याला ०.५ स्क्वेअर एमएमची बारीक तार डाखून खाली या मुख्य तारांना जोडायची. एकही तुकडा जोडपट्टीच्या भरवशावर ठेवायचा नाही. डाख रुळाच्या बाहेरच्या बाजूला, चाकाची कड लागणार नाही असा. २५ ते ४० वॉटची डाखणी (सोल्डरिंग आयर्न), राळवालं ६०/४० कथील-शिशाचं डाख, आणि दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांवर) ओल्या कागदाची घडी. दोन-तीन सेकंदांत काम झालं पाहिजे. डाखणी गार असेल तर माणूस ती धरून ठेवतो आणि तेवढ्यात स्लीपर वितळतात.

एकाच इंजिनाच्या फळीला साधी १२ व्होल्टची डीसी पुरे. डीसीसी, म्हणजे प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र हुकूम देणारी पद्धत, मोठ्या मांडणीला उत्तम, पण पहिल्या दिवसापासून तिचा खर्च करण्याचं कारण नाही. ती पुढे करायचीच असेल तर तिच्यासाठी आत्ताच तारा जाड घ्या. डीसीसी बसवल्यावर तपासणी नाण्याने करतात: मांडणीत कुठेही दोन रुळांवर नाणं आडवं ठेवा, यंत्राने त्या क्षणी वीज तोडली पाहिजे. जिथे तोडत नाही तिथे तार कमी पडते आणि कधीतरी घसरलेलं इंजिन तिथेच जळणार. मोटारीची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी थेट रुळांना जोडण्याचा उद्योग कोणीही करू नये. व्होल्ट बाराच असले तरी शॉर्ट झाल्यावर ती शेकड्याने अँपिअर देते आणि तारेवरचं आवरण पेट घेतं. एक-दीड अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर, मध्ये फ्यूज, मग वेगाचं बटण.

वळून परत त्याच मार्गावर येणारा फेरा, म्हणजे पेरूच्या आकाराचा रूळ, काढलात तर डावा रूळ फिरून उजव्याला येऊन मिळतो आणि वीज शॉर्ट होते. कागदावर हे दिसत नाही. त्या फेऱ्याच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून प्लॅस्टिकच्या जोडपट्ट्या घालायच्या, आतल्या तुकड्याला उलटसुलट बटणावरून वीज द्यायची आणि तो तुकडा सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब ठेवायचा.

सांध्यावर इंजिन थांबतं ही तर नेहमीची तक्रार. सांध्याच्या मधला व्ही आकाराचा भाग, फ्रॉग, स्वस्त सांध्यात प्लॅस्टिकचा असतो. लांब डिझेल इंजिन त्यावरून निघून जातं, पण छोटं शंटिंग इंजिन नेमकं तिथे वीज गमावतं. कोड्याच्या फळीवर तर सगळा कारभार सांध्यावरच, म्हणून तिथे धातूच्या फ्रॉगचे सांधे घ्या आणि सांधा फिरवणाऱ्या बटणानेच फ्रॉगची वीजही बदलेल अशी जोडणी करा. गाडी सांध्यावर घसरत असेल तर व्हर्निअर कॅलिपरने चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. एचओत ते १४.४ मिलिमीटरच्या आसपास हवं. कमी असेल तर चाक फ्रॉगसमोरच्या पट्टीवर चढतं. धुऱ्यावर चाक हळूच फिरवत बाहेर ओढलं की काम होतं. वजनही पाहा. अमेरिकेतल्या हौशींचा ठोकताळा असा की डब्याला २८ ग्रॅम अधिक लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम. बॉक्सएनला ९५ ग्रॅम, एलएचबीला १८० ग्रॅम. प्लॅस्टिकच्या वाघिणी यापेक्षा हलक्या असतात. ढकलताना त्या उठतात. आतून नट चिकटवले, वर कोळसा टाकला, झालं.

खडीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे आपला दख्खनचा दगड आडवा येतो. खरी खडी ६५ मिलिमीटरपर्यंतची असते, एचओत पाऊण मिलिमीटर. बाजारातली तयार खडी महाग आणि बरेचदा जाड. क्रशरवरची कच चहाच्या गाळणीतून चाळली की नेमकी मिळते, रंगही आपल्याच रुळांचा. मात्र आपला काळा पाषाण बेसाल्ट आहे आणि त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. ते इंजिनाच्या मोटारीतल्या चुंबकाला चिकटतात, गिअरचे दात झिजतात, मोटार अडकते. म्हणून चाळलेली कच ताटात पसरून, कागदात गुंडाळलेलं जाड चुंबक तिच्यावरून दहा-बारा वेळा फिरवा. कागदाला काळी मिशी चिकटेल. मिशी यायची थांबेपर्यंत फिरवत राहा. नंतर कच धुऊन, वाळवून रुळांमध्ये मऊ ब्रशने पसरा. स्लीपरच्या वर एकही कण नको. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारून ती भिजवा आणि फेविकॉल एक भाग, पाणी दोन भाग, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. आधी भिजवली नाही तर फेविकॉलचे थेंब मोत्यांसारखे वर बसतात आणि खडी गोळा होऊन येते. सांध्याच्या हलत्या पट्ट्यांजवळ खडी कोरडीच ठेवा. तिथे फेविकॉल शिरला की सांधा गेलाच.

रूळ पुसायला पॉलिश पेपर वापरू नका. ओरखड्यांत मळ जास्त अडकतो आणि पुढच्या वेळी दुप्पट पुसावं लागतं. सुती फडक्यावर अल्कोहोल, बस्स. इंजिनाची चाकं स्वच्छ करायची युक्ती अशी: अल्कोहोलने ओला केलेला टिश्यू रुळावर आडवा ठेवा, इंजिनाची एक बोगी त्यावर आणि दुसरी उघड्या रुळावर. इंजिन हाताने धरून चालू करा, टिश्यूवर काळ्या रेघा उमटतील. मग उलट. तेलाच्या बाबतीत घरगुती प्रयोग नकोत. खोबरेल तेल चोवीस अंशांखाली गोठतं, म्हणून ऑक्टोबरात सुरळीत धावलेलं इंजिन पुण्याच्या डिसेंबरात जागचं हलत नाही. प्लॅस्टिकला चालणारं हलकं तेल, सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. पावसाळ्यात इंजिन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं की ओल आतच राहते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. नारिंगी दाण्यांचं घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की मंद आचेवर कोरडं करायचं, आणि ती कढई पुन्हा पोह्यांना घ्यायची नाही.

एवढं सगळं करूनही मांडणी 'कुठलीशीच' वाटते, कारण ती खोक्यावरच्या चित्रावरून केलेली असते. इथे स्टेशनवर उभं राहून गाड्या पाहण्याचा छंद कामाला येतो. नुसतं पाहून उपयोग नाही, वहीत पाच रकाने आखा: वेळ, गाडीचा क्रमांक, इंजिनाचा वर्ग-क्रमांक-शेड (शेड म्हणजे त्याच्या देखभालीचं ठिकाण), डब्यांची संख्या आणि शेरा. इंजिनाचं नाव वाचायला सोपं आहे. पहिलं अक्षर डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय मीटरगेज, झेड नॅरोगेज. पुढे डी डिझेल, ए एसी, सी डीसी. मग पी प्रवासी, जी मालगाडी, एम दोन्ही, एस शंटिंग. डब्ल्यूएपी-७ म्हणजे ब्रॉडगेजवरचं, एसी विजेवरचं, प्रवासी गाडीचं, सातवं मॉडेल. बाजूवर कल्याण, अजनी, भुसावळ, वडोदरा अशी शेडची नावं रंगवलेली असतात. महिनाभर टिपलं की कुठलं इंजिन कुठल्या गाडीला फिरून येतं त्याचा अंदाज बांधता येतो, आणि चुकला तर का चुकला हे शोधण्यात खरी मजा. गाडीच्या पाच आकडी क्रमांकात पहिला ० असेल तर ती विशेष गाडी, ९ असेल तर मुंबईची लोकल. जुन्या पाच आकडी डब्यांच्या क्रमांकात पहिले दोन आकडे बांधणीचं वर्ष सांगतात. शेवटच्या डब्यामागचा मोठा पिवळा फुलीचा खूण-आकार आणि लाल दिवा पाहायला विसरू नका. गाडी पूर्ण आली, मध्ये तुटून मागे राहिली नाही, हे स्टेशनवरचा माणूस त्यावरूनच ठरवतो. मॉडेलच्या शेवटच्या डब्यावर ही फुली निम्मे लोक काढत नाहीत.

पाहायला आणि मांडायला घाटासारखी जागा नाही. भोर घाट, थळ घाट आणि गोव्याकडचा ब्रागांझा घाट, तिन्हींचा चढ सदतीसास एक. म्हणजे मीटरला २.७ सेंटिमीटर, आणि मॉडेललाही झेपणारा चढ साधारण एवढाच. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर खालची गाडी, वायर आणि वरची फळी धरून साडेआठ सेंटिमीटर उंची लागते. २.७ टक्क्यांनी ती गाठायला तीन मीटरहून जास्त लांबी हवी. बैठकीच्या खोलीत बोगदा काढून दोन फुटांत गाडी वर चढवणाऱ्यांनी हे गणित आधी करावं. कर्जतला पुण्याकडच्या गाड्यांना मागून बँकर, म्हणजे चढावर ढकलणारी जादा इंजिनं लागतात आणि लोणावळ्याला सुटतात. नाशिकच्या बाजूला तेच काम कसारा-इगतपुरीत चालतं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या नाशिकमार्गे राजधानीला पुढे-मागे दोन इंजिनं असतात आणि २०२३ पासून धावणाऱ्या सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारतची ताकद डब्यांखाली वाटलेली असते, म्हणून त्यांना बँकर लागत नाही. उतरणाऱ्या गाड्या मंकी हिल आणि ठाकूरवाडीला ब्रेक तपासायला थांबतात. गाडी थांबली नाही तर ती चढावर नेऊन रोखणारी कॅच सायडिंग तिथे आहे. फळीवर तीन फूट लांबीचा चढ आणि अशी एक सायडिंग काढली तर बघणारा पाच मिनिटं तिथून हलत नाही.

विजेचे खांब लावताना एक चूक सर्रास होते. सरळ मार्गावर खांबांमधलं अंतर ७२ मीटरपर्यंत असतं, एचओत ८३ सेंटिमीटर. लोक वीतभर अंतरावर एक खांब रोवतात आणि मांडणी कुंपणासारखी दिसते. आठ फुटांच्या फळीवर तीन-चार खांब पुष्कळ.

ज्यांना वळणांची हौस आहेच त्यांच्यासाठी आपल्या मातीतली एक वाट आहे आणि ती कोणी घेत नाही याचं आश्चर्य वाटतं. ब्रिटिश अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे, १८९७ ची, ७६२ मिलिमीटर गेजची. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. एचओत ७६२ मिलिमीटर म्हणजे ८.८, आणि एन मापाचे तयार रूळ ९ मिलिमीटरचे. ब्रॉडगेजमध्ये जो पावणेतीन मिलिमीटरचा खोटेपणा करावा लागतो तो इथे पाव मिलिमीटरवर येतो. डबे आखूड, वळणं आवळ, गाडी चार डब्यांची असली तरी खरी वाटते. विदर्भातली शकुंतला ही गाडीही याच गेजची होती. एन मापाच्या चालू इंजिनाचा चाकं-मोटारीचा खालचा भाग घ्यायचा, वर ३डी छपाईचं किंवा पत्र्याचं अंग चढवायचं. आषाढी वारीची गर्दी टपावर चढवायला हरकत नाही. मुलांसाठी पुण्यात भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं, १९९८ पासून खुलं असलेलं लघु रेल्वेचं संग्रहालय आहे. सिग्नल आणि गाड्या एकमेकांशी कशा बांधलेल्या असतात हे तिथे एका फेरीत कळतं.

जाता जाता दोन मागण्या. दुकानदारांनी खोक्यावर माप, डब्याची लांबी आणि त्याला लागणारी किमान त्रिज्या मराठीत लिहावी. एवढ्या एका ओळीने पुष्कळ पैसे वाचतील. दुसरी रेल्वेकडे. हौशी माणूस दहा रुपयांचं, दोन तास चालणारं प्लॅटफॉर्म तिकीट काढून पिवळ्या रेषेच्या आत उभा राहतो. रुळावर उतरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे आणि सहा महिन्यांची कैद होऊ शकते, हे त्याला माहीत असतं. २५ हजार व्होल्टची वायर स्पर्श न होताही झेप घेते, म्हणून पुलावरून सेल्फीची काठी बाहेर काढायची नाही, आणि चालकाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नाही, हेही. पण स्वतःच्या हौसेसाठी फोटो काढायला परवानगी लागते की नाही याचं उत्तर एका स्टेशनवर एक आणि पुढच्या स्टेशनवर दुसरं मिळतं. नियम काय तो एकदा मराठीत फलकावर लिहून कर्जत, लोणावळा, कसारा आणि इगतपुरीला लावावा. कर्जतला तो मुंबईकडच्या टोकाला लावावा, बँकर लागतात ते तिथेच.

आपले,
काही रेल्वेछंदी वाचक, ठाणे-कल्याण